ठोकून घेतलेलं पिल्लू

दोन हजार सोळा साल, हिवाळा सरत आलेला, फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार. तारीखवार मला पाठ आहे, कारण त्या मंगळवारपासून या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत राहिली नाही. तुम्ही म्हणाल, एका कुत्र्याच्या पिल्लापायी एवढं? एवढं. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं पत्रा ठोकला मी. पेट्या केल्या, बादल्या केल्या, नरसाळी केली, धान्याची पिंपं केली, एक वस्तू कुणी परत आणली नाही. म्हणजे एक आली, शेजारच्या शिंप्याची पन्हळ, पण ती गळत नव्हती, ते सोडा. सांगायचं काय, पत्रा घेताना मी शिक्का बघत नाही, दुकानदाराचा कागद बघत नाही. वाचता येतं मला, चौथीपर्यंत गेलोय, पण बघत नाही. मी बोटाच्या पेरानं ठोकतो. चांगला पत्रा असेल तर पेराला कळतं, गंजका असेल तरी पेराला कळतं, कानाचं त्यात काही काम नाही. ठोकून घेतलेली वस्तू दगा देत नाही. हे मी चाळीस वर्षं सांगत आलो, आणि त्याच न्यायानं पिल्लू घेतलं, आणि... थांबा. असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला कळायचं नाही. आधी बाथरूमचं सांगतो.

जानेवारीत आमची ही बाथरूममध्ये घसरली. घोट्याचं हाड तडकलं. मी कुठे होतो? घरातच. मागच्या अंगणात माझी शेड आहे, बाथरूमपासून मोजून अकरा पावलं. आणि ठोकत नव्हतो हो, हे कुणाला सांगून पटत नाही, पेन्सिल घेऊन एका नरसाळ्याचं माप काढत बसलो होतो, अगदी शांत. तेवढ्यात खांद्याला हात लागला. वळून बघतो तर शिंपी. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. त्या पन्हळीपासून आमचं बोलणं बंद, अकरा वर्षं हा माणूस माझ्या हद्दीत आला नव्हता, आणि आज भिंत चढून आत. मी म्हणालो, "काय काम आहे?" त्यानं टाचण्या तोंडातून काढल्या आणि म्हणाला, "मिस्त्री, वहिनी अर्धा तास झाला हाका मारतायत. मला वाटलं, तुम्ही जाल."

अर्धा तास. ओल्या फरशीवर.

दवाखान्यात मुलगा आला. मुलगा लिफ्ट तपासतो, मोठमोठ्या इमारतींच्या. दोर बघतो, ब्रेक बघतो, कागदावर लिहितो, त्याच्या सहीशिवाय लिफ्ट हलत नाही. घरात आला तरी नजर तीच. आईच्या पायाशी उभा राहिला, प्लास्टर बघितलं, आणि म्हणाला, "आई, बाबा अकरा पावलांवर होते. तू हाक का नाही मारलीस?"

आता बघा. मी तिथेच. हातात एक्स-रेचा लिफाफा. दाराशी शिंपी. हिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा छताकडे बघितलं, आणि म्हणाली, "नाही मारली. तशा अवस्थेत होते, लाज वाटली." शिंप्यानं तोंड उघडलं. हिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते मिटलं.

तुम्हाला सांगतो, बेचाळीस वर्षांच्या संसारात ही खोटं बोललेली मी ऐकली नव्हती. बोलली असेल, पण मी ऐकली नव्हती. आणि बोलली कशासाठी, तर नवरा बहिरा झालाय हे पोराच्या कागदावर चढू नये म्हणून. आणि मी काय केलं? लिफाफा या हातातून त्या हातात घेतला. बस. जन्मात कुणाचं देणं ठेवलं नाही मी, कुणाचं उसनं अवजारसुद्धा घरी राहू दिलं नाही, आणि त्या दिवशी राहिलं. तेही असं देणं, की रोज डोळ्यांसमोर, पाय उशीवर ठेवून बसलेलं, आणि चहा हवा का विचारणारं.

आणि बहिरा, बहिरा म्हणजे काय? तेव्हा माझं मत असं होतं की लोक हळू बोलायला लागलेत. बातम्या देणारेसुद्धा.

मुलगा म्हणाला, "आता दोघं माझ्याकडे चला." त्याचं घर सातव्या मजल्यावर. चांगलं आहे, वाईट म्हणत नाही, पांढऱ्या फरश्या, दार आपोआप लागतं. पण तिथे पत्र्यावर हातोडी मारली की सहा मजले खालपर्यंत तक्रार. म्हणजे अवजारं मोडीत, शेड मोकळी, घराला कुलूप, आणि मी खिडकीत. हिनं पायाखालची उशी उलटी केली. तिला एखादी गोष्ट नको असली की ती उशी उलटी करते. एवढं मला कानाशिवाय कळतं.

तेव्हा सूनबाई मध्ये पडली. "बाबा, कुत्रं ठेवा ना. माझ्या मैत्रिणीच्या आजीकडे आहे. आजीनं हाक मारली की घरातल्या माणसाला ओढत घेऊन येतं." मुलगा विचारात पडला. तो विचारात पडला की पेनाचं टोपण चावतो. चावलं आणि म्हणाला, "ठीक. एक महिना. मार्चचा दुसरा रविवार. आई बाथरूममध्ये बसून हाक मारेल, बाबा शेडमध्ये असतील. कुत्रं बाबांना आणेल. दोन मिनिटांत बाबा आईपाशी पोचले तर पास. नाही तर सामान बांधायचं."

सख्खा बाप मी. सवलत नाही. मनातून जरा बरंही वाटलं, पोरगं कामाला पक्कं निघालं. पण म्हणून माझ्यावर?

सूनबाई कागद घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणे पिल्लू दोन महिन्यांचं तरी हवं, त्याआधी आईपासून तोडायचं नाही. म्हणे आधी पिल्लाची आई बघा, आई भित्री तर पिल्लू भित्रं. म्हणे सगळ्यात आधी अंगावर येतं ते घेऊ नका, कोपऱ्यात तोंड लपवतं तेही घेऊ नका. म्हणे जमिनीवर बसा, पाठीमागून हाक मारा, टाळी वाजवा, कोण कान टवकारतं बघा. म्हणे एकदा जाऊन घेऊ नका, दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी जा. "आणि मुख्य म्हणजे बाबा, पिल्लू घराला साजेसं हवं." मी म्हणालो, "कुत्रं आणायचंय की जावई करायचाय?" ती म्हणाली, "जावई वर्षातून दोनदा येतो बाबा. कुत्रं रोज असतं." मी कागद घडी करून खिशात टाकला. मला शिकवता? ठोकून घेतलेली वस्तू दगा देत नाही.

आता पिल्लू मिळणार कुठे? त्या महिन्यात सगळ्या गल्लीत एकाच कुत्रीनं पिल्लं दिलेली. कुणाच्या? शिंप्याच्या. म्हणजे ज्याच्याशी अकरा वर्षं बोलणं नाही, ज्यानं माझ्या बायकोची हाक माझ्या आधी ऐकली, त्याच्याच दारात जायचं, आणि तेही मागायला. तीन दिवस मी गेलो नाही. चौथ्या दिवशी हिनं विचारलं, "आणताय की बांधू?" म्हणजे सामान. मी गेलो.

तोच तो मंगळवार. काखेत दोन फुटी पत्रा, हातात हातोडी. शिंपी घाबरून उठला. त्याला वाटलं, अकरा वर्षांचा हिशोब चुकवायला आलो. मी म्हणालो, "पिल्लू बघायचंय." तो म्हणाला, "मग हातोडी कशाला?" मी म्हणालो, "ते माझं मी बघतो."

कापडं कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर पाच पिल्लं. एक काळं, दोन तपकिरी, एक ठिपक्यांचं, एक पांढरंशुभ्र. काळं लगेच माझ्या चपलेला झोंबलं. ठिपक्यांचं लांबूनच बघत राहिलं. पांढरं अस्तराचा तुकडा चावत बसलेलं, मान वर नाही. शिंपी म्हणाला, "मिस्त्री, तपकिरी न्या, शहाणं आहे. पांढरं तेवढं..." मी म्हणालो, "मला सांगू नका." तो म्हणाला, "नाही, पांढऱ्याचं एक..." मी म्हणालो, "शिवणकामात मी बोलतो का?" त्यानं सुईत दोरा ओवला. मग पुन्हा म्हणाला, "बरं, निदान हे ऐका, की ते पांढरं..." आणि मी पत्रा उचलला आणि हातोडीचा एक सणसणीत घाव घातला.

काय सांगू तुम्हाला. कुत्री खिडकीतून बाहेर. काळं मशीनच्या पायडलखाली. दोन्ही तपकिरी एकमेकांच्या खाली शिरायला बघतायत, त्यामुळे कुणीच शिरत नाही. ठिपक्यांच्यानं जागच्या जागी केलं. शिंप्याच्या बोटात सुई. आणि पांढरं? पांढरं अस्तर चावतंय. मी दुसरा घाव घातला, त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. पांढऱ्यानं जांभई दिली.

मी म्हणालो, "हे." असा धीट जीव मी पाहिला नव्हता. माणसांत नाही. शिंपी बोट चोखत म्हणाला, "मिस्त्री, अहो तीनदा सांगतोय, ते..." मी म्हणालो, "ठोकून घेतलंय." आणि काखेत पिल्लू, दुसऱ्या काखेत पत्रा, निघालो.

घरी आणलं. हिनं मांडीवर घेतलं, बारसं केलं. नाव ठेवलं साहेब. का, तर म्हणाली, "मघापासून मी बोलावतेय, बघतच नाही. साहेबच दिसतोय."

साहेबांचा पहिला आठवडा. ही हाक मारते, साहेब येत नाहीत. मी म्हणालो, नवीन जागा आहे. कुकरची शिट्टी झाली, साहेब झोपलेले. मी म्हणालो, बघ, घाबरत नाही. दारावर कुणी थाप मारली, साहेब झोपलेले. मी म्हणालो, उगीच भुंकत नाही, घराण्यातलं आहे. ही म्हणाली, "अहो, भुंकण्यासाठीच आणलंय ना?" तर मी म्हणालो, वेळ आली की भुंकेल. पण तुम्हाला सांगतो, नवव्या दिवशी शेडमध्ये फळीवरून पिंपाचं झाकण पडलं, साहेबांच्या शेपटीच्या मागे, वीतभर अंतरावर, आणि साहेबांचा कानही हलला नाही. पण मी कुणाला बोललो नाही. ठोकून घेतलेली वस्तू दगा देत नाही, हे मी त्या दिवशी दोनदा स्वतःला सांगितलं. एरवी एकदा पुरतं.

दहाव्या दिवशी टोचून घ्यायला नेलं. जनावरांची डॉक्टरीणबाई, आमच्या सुनेच्या वयाची. तिनं साहेबांच्या डोक्यामागे किल्ल्या वाजवल्या. मग टाळी वाजवली. मग स्टीलचा ट्रे जमिनीवर टाकला. साहेब तिच्या ओढणीचं टोक चावत होते.

म्हणाली, "आजोबा, याला ऐकू येत नाही. जन्मापासून. पांढऱ्यांमध्ये होतं असं कधीकधी."

मी म्हणालो, "धीट आहे तो."

"असेल धीट. पण बहिरा आहे."

"ठोकून घेतलाय."

"काय केलंय?"

मी पत्र्याचं सांगितलं. तिनं वहीत तोंड घातलं, बराच वेळ काढलं नाही. मग काहीतरी लिहायला लागली. मी विचारलं, "अजून काही माहिती हवी का? वय दोन महिने अकरा दिवस." ती म्हणाली, "तेच मी आत्ता चौथ्यांदा विचारत होते, आजोबा. तुम्ही तुमचेही कान दाखवा. इथे नाही, माणसांच्या डॉक्टरकडे."

आता तुम्ही मला सांगा. घरात एक बाई, तिनं हाक मारायची. ऐकायला दोन जण, एक मी, एक साहेब. आणि रविवारला उरले तेवीस दिवस. घराला साजेसं पिल्लू आणा म्हणाली होती ना सूनबाई? आणलं. याहून साजेसं कुणाला मिळालं असतं?

मी तसाच वळलो शिंप्याकडे. पिशवीत साहेब, तोंड बाहेर. म्हणालो, "हे परत घ्या, तपकिरी द्या." शिंपी म्हणाला, "तपकिरी दोन्ही गेली. काळंही गेलं. ठिपक्यांचं काल नेलं. अहो मिस्त्री, मी तीनदा सांगत होतो, की हाक मारून वळत नाही, तुम्ही पत्राच बडवत बसलात." तो हे अगदी शांतपणे म्हणाला, त्यानं जास्त लागलं. मी वर बघितलं. पन्हळीतून थेंब पडत होता. दव असेल.

घरी आलो. हिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पिशवीतून साहेबांना काढलं, मांडीवर घेतलं. मी म्हणालो, "दुसरीकडून कुठून तरी आणू. हे देऊन टाकू कुणाला तरी. ज्याला ऐकू येत नाही ते घेऊन काय करायचंय?"

ती म्हणाली, "ऐकू येत नाही म्हणून देऊन टाकायचं ठरलं, तर आधी कुणाला देऊ?"

मी शेडमध्ये गेलो. काम होतं.

पण तिच्या लक्षात आलं होतं हो, माझ्या आधी. ती दिवसभर त्या खुर्चीत बसलेली, चांगला पाय जमिनीवर, प्लास्टरचा उशीवर. चांगला पाय दोनदा आपटला की साहेब झोपेतून उठून तिच्याकडे बघायचे. फरशीतून कळायचं त्यांना. माझ्या पेराला पत्रा कळतो तसं. मग तिनं सुरू केलं. दोनदा पाय, साहेब आले, बिस्किटाचा तुकडा. बोट मागच्या दाराकडे, साहेब निघाले, शेडमध्ये माझ्याकडे दुसरा तुकडा. दिवसाला वीस वेळा, तीस वेळा. माझं एक काम होईना. आठ दिवसांत साहेब पाय आपटला की धावत शेडमध्ये यायला लागले. आणि आले की काय करायचे? माझ्या पावलावर बसायचे आणि झोपायचे. निरोप्या पोचतो, निरोप देत नाही. मी कसं समजायचं, हिनं पाठवलंय की स्वतःच आलेत? ही म्हणाली, "आले की उठून यायचं. रोज वीस फेऱ्या झाल्या तर व्यायाम होईल." घरात सगळा कारभारच पायांवर आला. चहा झाला की ही टेबल ठोकायची आणि आम्ही दोघं एकदम मान वळवायचो, मी आणि साहेब. ती एकदा हसली. घसरल्यापासून पहिल्यांदा.

मला वाटलं, निघालो आपण यातून. पास.

मार्चचा दुसरा रविवार. मुलगा नऊ वाजता आला, हातात घड्याळ, खिशाला पेन, काखेत कागदाची पाटी. सूनबाई मागे. मुलाला मी चहा दिला, त्यानं नाकारला. कामाच्या जागी तो चहा घेत नाही. घर बघितलं, बाथरूमची फरशी बोटानं घासून बघितली, साहेबांकडे बघितलं. साहेबांनी त्याच्या बुटाची नाडी सोडली. मग हिच्याकडे वळून म्हणाला, "आई, फक्त हाक मारायची. काठी वाजवायची नाही, वॉकर नाही, पाय आपटायचा नाही. पडलेल्या माणसाला पाय आपटता येत नाही."

बरोबर बोलला. तेच वाईट.

हिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला धरून बाथरूममध्ये नेली, स्टुलावर बसवली, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली. मला शेडमध्ये पाठवलं, दाराकडे पाठ करून बसायचं. साहेब माझ्या मागोमाग आले आणि पावलावर झोपले. सूनबाई शेडच्या दारात उभी, कुणी लबाडी करू नये म्हणून.

बसलो. हातात पेन्सिल. समोर नरसाळ्याचं माप. तुम्हाला सांगतो, तसली शांतता तुम्हाला ऐकू आली नसेल कधी. तुम्हाला निदान पंखा ऐकू येतो. मला काही नाही. मी कान देऊन बसलो, दिलेच होते, माझ्याकडे काही राहिलं नव्हतं. ती हाक मारत असेल का? मारून झाली असेल का? दोन मिनिटं म्हणजे किती रेघा? मी एक रेघ मारली, दुसरी मारली. साहेबांचं पोट माझ्या पावलावर वर-खाली. बाहेर माझी बायको हाक मारतेय आणि इथे आम्ही दोघं, एक झोपलेला आणि एक जागा, सारखेच. जानेवारीत हेच होतं. हीच पेन्सिल, हेच माप. तेव्हा मला ठाऊक नव्हतं एवढाच फरक.

मान वळवायची नव्हती. वळवली. सूनबाई घराकडे बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता, की कुणीतरी हाक मारतंय आणि कुणी जात नाहीये. मग तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले नाहीत तिचे. कमरेजवळ धरलेल्या हाताची दोन बोटं तेवढी वर झाली. उठा.

मी उठलो.

साहेबांचं डोकं फरशीवर आपटलं. वैतागून उठले, माझ्या मागे आले. अकरा पावलं मी सरळ ताठ चाललो. मुलानं घड्याळ थांबवलं. "एक मिनिट चाळीस. कुत्रं मागून आलं, पण... आलं." पाटीवर वाकला. आणि ही, स्टुलावर, पिशवीत पाय घातलेली, म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते? सगळं ऐकू येतं त्यांना."

दुसऱ्यांदा. तुम्हाला कळतंय का, पहिलं फिटलं नव्हतं आणि हिनं माझ्यासाठी दुसरं काढलं.

मुलाचा "पा" लिहून झाला होता.

मी म्हणालो, "लिहू नकोस."

"का?"

"मला ऐकू आलं नाही. तुझ्या बायकोनं खुणावलं म्हणून आलो. तिला बोलू नकोस. हे साहेबही बहिरे आहेत, जन्मापासून, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. आणि जानेवारीत तुझ्या आईला लाज-बिज काही वाटली नव्हती. अर्धा तास हाका मारत होती ती. भिंतीपलीकडे मशीन चालवत बसलेल्या शिंप्याला ऐकू आल्या. मला नाही आल्या."

एवढं सलग मी स्वतःच्या लग्नातही बोललो नव्हतो. कुणी बोलेना. म्हणजे कुणाचे ओठ हलेनात, मी सगळ्यांचे बघत होतो. हिनं पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मुलगा टोपण चावत होता. मी म्हणालो, "सामान बांधायचं तर बांध. अवजारांना हात लावू नकोस, ती मी बांधेन."

त्यानं "पा" खोडला. खाली काहीतरी लिहिलं, बराच वेळ. मी उलट्या बाजूनं वाचलं, चौथीचं शिक्षण कामाला आलं. "दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी."

मी म्हणालो, "म्हणजे?"

तो मोठ्यानं, माझ्यासमोर तोंड आणून म्हणाला, "म्हणजे कान दाखवायचे, मशीन बसवायचं. तोवर इथेच राहायचं. बाथरूमला दोन दांड्या मी लावून जातो. आणि बाबा, हे तुम्ही जानेवारीत सांगितलं असतंत तर..." साहेबांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली होती, तो ती बांधायला खाली वाकला, आणि बांधत राहिला.

ते गेल्यावर ही म्हणाली, "कशाला सांगितलंत? होत होतं ना पास?" मी म्हणालो, "देणं होतं." ती म्हणाली, "मी मागितलं होतं का?" मी म्हणालो, "म्हणून तर जड." तिनं पायाखालची उशी घेतली, झटकली, होती तशीच ठेवली. "निम्मं फिटलं," म्हणाली. निम्मं. या बाईचा हिशोब मला कधी कळला नाही.

एप्रिलात कानात मशीन बसलं, वाटाण्याएवढं. लोक म्हणतात, नवं आयुष्य. कसलं नवं आयुष्य? फ्रीज गुरगुरतो. माझ्याच चपला फटक फटक वाजतात. शिंप्याचं मशीन सकाळी सातला सुरू होतं, आणि म्हणे मी आवाज करतो. ही भाजी चिरताना स्वतःशी बोलते, दिवसभर, आणि त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल. साहेब घोरतात. मुलगा येऊन तपासून गेला, सही केली, तर त्याच्या पेनाचा कागदावर होतो तो आवाजसुद्धा मला ऐकू आला. या घरात आता सुखानं झोपणारा एकच जण उरलाय, आणि तो मी नाही.

मे महिन्यात हिचं प्लास्टर निघून पाय चालता झालेला. मी शेडमध्ये, दाराकडे पाठ, कातरीनं पत्रा कापत होतो. आणि हाक आली. "अहो." बाथरूममधून.

कातर टाकली. पत्रा पायावर पडला, बघितलं नाही. अकरा पावलं म्हणतात, मला सहा पुरली. दाराशी पोचलो, दम लागलेला, म्हणालो, "काय झालं? पडलीस?"

ती आतून म्हणाली, "पडेन कशाला? साबण संपलाय."

साबण आणून दिला. देणं फिटलं.